गॅस संपत नसतो

एसीतला गॅस संपत नसतो. बाइकमधलं पेट्रोल संपतं, कारण ते जळतं. स्वयंपाकाचा सिलेंडर संपतो, कारण तोही जळतो. एसीतला गॅस कुठंच जळत नाही. तो तांब्याच्या बंद नळीत फक्त फिरत असतो. कंप्रेसर त्याला दाबतो, आउटडोअरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पातळ होतो, बारीक नळीतून सुटताना त्याचा दाब एकदम पडतो, मग इनडोअरच्या कॉइलमध्ये तो उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता आपल्या खोलीतून घेतो. तिथून परत कंप्रेसर. दहा वर्षं मशीन चाललं तरी आत गॅस तेवढाच राहायला हवा. कमी झाला असेल तर कुठंतरी भोक आहे. दुसरं कारण नाही.

तरीही तुम्ही आणि मी दर उन्हाळ्यात हेच वाक्य ऐकतो, "सर, गॅस संपलाय, भरावा लागेल." आणि आपण भरतो. आमच्या माकणीच्या घरी तर लागोपाठ तीन उन्हाळे भरला.

माकणी म्हटलं की धाराशिव जिल्ह्यात लोकांना धरण आठवतं. निम्न तेरणा प्रकल्पाचं. त्याच गावात आई-आण्णा राहतात, मी पुण्यात कोड लिहितो. २०२१ साली आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांची यादी दिली आणि वर सांगितलं, उन्हाळ्यात यांना जपा, अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका, खोली तापू देऊ नका. माणूस स्वतः कूस बदलू शकत नसेल, तहान लागली हे सांगू शकत नसेल, तर मे महिन्यातली दुपार त्याच्यासाठी नुसती उकाड्याची गोष्ट नसते. आम्ही दीड टनाचा एसी घेतला. गल्लीतला पहिलाच. लोक बघून गेले. एका आजीनं विचारलं, "दीड टनाचं वजन भिंतीला पेलतंय व्हय?"

प्रश्न रास्त होता. हा टन वजनाचा नसून बर्फाचा आहे. जुन्या काळी थंडावा म्हणजे बर्फ, म्हणून ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खेचणारं यंत्र एक टनाचं. आमच्या त्या खोलीतून दिवसभर यंत्र चालवलं तर जवळपास चौदाशे किलो बर्फाचं काम होणार होतं. कागदावर.

आता कुणी म्हणेल, खेड्यात कशाला एसी, जुनी घरं किती थंड असायची. असायची खरी. आमच्या भागातली घरं माळवदाची होती. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडाचं छत, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यातल्या दुपारी आत शिरलं की डोळ्यांना अंधारी यायची आणि अंगाला गारवा लागायचा, असं आई सांगते. मी ती घरं नांदती पाहिली नाहीत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, चार वाजायच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. सास्तूर आम्हाला जवळच. भूकंपानं जेवढी माणसं मारली ती बहुतेक त्याच भिंतींनी आणि त्याच मातीनं मारली. हजारो. त्यानंतर या पट्ट्यात जाड भिंतीखाली झोपायची कुणाची छाती झाली नाही. सिमेंट आलं, पत्रे आले, स्लॅब आला. आण्णांनी त्यानंतर बांधलेलं आमचं घरही स्लॅबचं. हा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहा वाजता ते खोलीत ओकायला सुरुवात करतो. भूकंपात जीव वाचवणारं घर उन्हाळ्यात भाजतं. आमच्याकडे एसी आला तो असा, भूकंपाच्या मागून तीस वर्षांनी.

तर तीन उन्हाळे. दर वर्षी एप्रिलच्या मध्याला आईचा फोन, "वारं येतंय रे, पण गार नाही." मग तालुक्याच्या बाजूचा एक दुकानदार पोरगा पाठवायचा. पोरगा गेज लावायचा, सिलेंडर उघडायचा, वीस मिनिटांत पैसे घेऊन जायचा. एसी गार. पुढच्या एप्रिलला पुन्हा फोन.

माझ्या धंद्यात याला नाव आहे. प्रोग्रॅमनं मेमरी घेतली आणि परत केली नाही की ती हळूहळू भरत जाते आणि एक दिवस सगळं कोसळतं. त्याला मेमरी लीक म्हणतात. ती शोधायला आठवडा लागतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी काय करतात, तर रोज रात्री तीन वाजता प्रोग्रॅम आपोआप बंद करून चालू करायची सोय लावून देतात. लीक तिथंच असते. फक्त ती दिसायच्या आत सकाळ होते. गॅस भरणं हे हुबेहूब तसंच आहे, एवढा एक फरक सोडून की सर्व्हर बंद पडला तर कुणी पलंगावर तळमळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आईनं दुकानदाराला फोन केला नाही. माझ्या धाकट्या चुलतभावाला हाक मारली.

तो आयटीआय झालेला. एसी-फ्रिजचा ट्रेड. पाच वर्षं शहरातल्या एका दुकानात होता आणि नुकताच नोकरी सोडून गावी परतला होता. नोकरी का सोडली, हे घरात सगळ्यांना अर्धवट माहीत होतं. मला त्यानं नीट सांगितलं. पाइपात गळती आहे का हे बघायला नळीत नायट्रोजन भरतात. एक दिवस नायट्रोजन संपला होता, गिऱ्हाईक घाई करत होतं. मालक म्हणाला, वेल्डिंगचा ऑक्सिजन आहे ना, तोच भर, हवाच ती. यानं नकार दिला.

"दादा, कंप्रेसरमध्ये तेल असतंय. तेल आन् दाबाखालचा ऑक्सिजन एका जागी आले की काडी लावायची पण गरज नाही. कंप्रेसर बॉम्ब होतोय. मालकाला म्हणलं, तुम्ही भरा, मी खाली जाऊन उभारतो. तर म्हणला, उद्यापासून खालीच ऱ्हा."

असे स्फोट खरोखर होतात आणि त्यात हात, डोळे, जीव जातात. नायट्रोजन यासाठीच वापरतात की तो कशाशी पटकन भांडत नाही. कोरडा असतो, जळत नाही, जाळत नाही. पण त्याच्याही बाटलीत दीडशे बारच्या आसपास दाब असतो, म्हणून मध्ये रेग्युलेटर हवाच. हे त्याला आयटीआयच्या पहिल्या वर्षात शिकवलं होतं. बाकीच्यांनाही शिकवलं असणारच.

त्यानं आल्या आल्या एसी चालू केला नाही. आईला विचारलं, "मोठी आई, मागच्या टायमाला गॅस कधी भरला? किती महिने गार केलं?" साधारण वर्षभर, हे कळल्यावर म्हणाला, म्हणजे भोक बारीक आहे. मोठं असतं तर आठवड्यात रिकामं झालं असतं.

मग त्यानं टॉर्च घेतला आणि तेल शोधू लागला. कंप्रेसरचं तेल थोडंथोडं गॅसबरोबर सगळ्या नळीत फिरत असतं. गॅस जिथून निसटतो तिथं तेलाचा थेंब मागे ठेवून जातो, त्यावर धूळ बसते आणि काळा चिकट डाग तयार होतो. गॅस दिसत नाही, त्याला रंग नाही, पण तो जाताना अंगठा उठवून जातो. आधी सगळे फ्लेअर नट बघितले, म्हणजे जिथं नळीचं तोंड फुलवून ती पितळी नटानं आवळलेली असते ती ठिकाणं. घरगुती एसीत गळतीचा पहिला संशय तिथंच. मग पाइप जिथं भिंतीला किंवा क्लॅम्पला घासतो त्या जागा. मग सर्व्हिस व्हॉल्वच्या पिना. भांड्याच्या साबणाचा घट्ट फेस करून स्पंजनं लावला. कुठंच बुडबुडा नाही. डागही नाही.

आता खरं काम सुरू झालं. आधी त्यानं आत उरलेला गॅस एका रिकाम्या, व्हॅक्यूम केलेल्या सिलेंडरमध्ये ओढून घेतला. सगळा येत नाही, पण बराचसा येतो. "ह्याला मशीन असतंय, रिकव्हरीचं. माझ्याकडं नाही. लई महाग आहे." बहुतेक जण इथं नट ढिला करून गॅस सरळ हवेत सोडतात. मग त्यानं ३०० पीएसआय नायट्रोजन भरला. कारच्या टायरमध्ये असते त्याच्या नऊ-दहापट. गेज लावलं आणि पेन्सिलनं भिंतीवर लिहिलं: ३००, सायंकाळी ६, ताप. ३८.

"तापमान कशाला?" मी विचारलं.

"सकाळी गार होणार. गार झालं की काटा आपसूक खाली येणार. ते भोक नव्हं."

मी तिथंच हिशेब केला. सकाळी २६ अंश असेल, तर नुसत्या गारव्यानं काटा २८८वर यायला हवा. बारावीत शिकलेला वायूचा नियम इतक्या वर्षांनी कामाला आला तो असा. सकाळी काटा २५१वर होता.

मग त्यानं यंत्राचे तुकडे पाडले. आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व बंद करून तो भाग वेगळा केला आणि बघितला. दाब टिकला. मग इनडोअर सोडवून नुसत्या पाइपांना बुच मारलं. दाब टिकला. उरली इनडोअरची कॉइल. मी मनात म्हटलं, हे तर बायनरी सर्च. अर्ध्यात दोष नाही हे सिद्ध करायचं, ते अर्धं सोडून द्यायचं, उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. मोठ्या कोडमधला दोष आम्ही असाच शोधतो. त्याला हे बोललो तर म्हणाला, "काय बघलालास दादा, धर की हिकडून."

कॉइल आम्ही दोघांनी अंगणात आणली. एक टोक ब्रेझिंगनं बंद केलं, दुसऱ्याला नायट्रोजन जोडला आणि ती गुरांच्या हौदात बुडवली. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो, तशी. आधी पंख्यांमध्ये अडकलेली हवा बुडबुडत वर आली. त्यानं थांबायला सांगितलं. पाणी शांत झालं. शेजारची दोन पोरं येऊन हौदाच्या काठावर टेकली. कुणी बोलत नव्हतं.

मग एक बुडबुडा आला. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. मी मोबाइलवर सेकंद मोजले. दहा सेकंदांनी दुसरा. मग पुन्हा दहा.

एवढंच होतं ते. तीन उन्हाळे, तीन वेळचे पैसे, आण्णांच्या पाठीवर उठलेलं घामोळं, आईची रात्रभर ओल्या फडक्यानं अंग पुसायची पाळी, या सगळ्याचं कारण दर दहा सेकंदांनी एक बुडबुडा.

हे पटत नव्हतं म्हणून मी ढोबळ आकडेमोड केली. पाच मिलिमीटरचा बुडबुडा. दहा सेकंदांना एक, म्हणजे दिवसाला ८,६४० बुडबुडे. सगळे मिळून अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. आमच्या एसीत आर-३२ नावाचा गॅस आहे, त्याचं वजन धरलं तर दिवसाला साधारण सव्वा ग्रॅम. वर्षाला चारशे-साडेचारशे ग्रॅम. आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेला एकूण गॅस ८०० ग्रॅम. म्हणजे वर्षात अर्धा साफ.

नायट्रोजनचा दाब आणि चालू एसीतला दाब सारखा नसतो, त्यामुळे आकडा मागेपुढे होईल. पण गोष्ट खरी आहे.

भोक पडलं कसं? कुणी खिळा मारला नव्हता. तांबं हवेतल्या काही आम्लांनी पोखरलं जातं. फॉर्मिक आम्ल, अॅसिटिक आम्ल. घरातले गोंद, रंग, साफसफाईची औषधं यांतून ती थोडीथोडी येत असतात आणि एसीची कॉइल कायम ओली असते. आम्ल, ओल आणि हवा एकत्र आले की नळीच्या भिंतीत बारीक वेडीवाकडी भुयारं पडत जातात. बाहेरून काही दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ती मुंग्यांच्या वारुळासारखी दिसतात, म्हणून इंग्रजीतही या गंजाला मुंग्यांच्या घराचंच नाव आहे. फॉर्मिक आम्लाचं नावसुद्धा मुंगीवरून पडलेलं. भावानं भोकाजवळ नख फिरवून काळसर ठिपके दाखवले. "हितं एक आहे, उद्या हितं होईल, परवा तितं. हे वारूळ आहे दादा. एक तोंड लिंपलं तर मुंग्या दुसरीकडनं निघत्यात."

म्हणून त्यानं भोक ब्रेझिंगनं बुजवायला नकार दिला. बुजवता आलं असतं, त्याला मजुरीही मिळाली असती, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मिळाली असती. तो म्हणाला, कॉइल बदला. नव्या कॉइलला गॅस भरण्याच्या तिप्पट पैसे लागणार होते. घरात अर्धा तास चर्चा झाली. आई म्हणाली, तीन वर्षांत तेवढे गेलेच की.

सहाव्या दिवशी कॉइल आली. बसवली, पुन्हा नायट्रोजन, पुन्हा रात्रभर. सकाळी काटा हिशेबाप्रमाणेच. मग व्हॅक्यूम पंप. आतली हवा आणि ओल काढून टाकायची, कारण ओल राहिली तर तेल खराब होतं आणि कंप्रेसर मरतो. हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन, तो ५००च्या खाली आणायचा. पाऊण तास लागला. पंप बंद करून पुन्हा दहा मिनिटं काटा बघत बसला. मग सिलेंडर वजनकाट्यावर ठेवून मोजून ८०० ग्रॅम गॅस सोडला. दाबाच्या अंदाजानं नाही, करंट बघून नाही. मोजून.

हा गॅस हवेत गेला तर काय होतं, हेही सांगायला हवं. आधीच्या एसींमध्ये आर-२२ होता, त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खायचा, म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्यानं हद्दपार करायचं ठरलं. त्याच्या जागी आलेल्या आर-४१०एनं ओझोनला हात लावला नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट. आर-३२ त्यामानानं सौम्य, ६७५ पट. सौम्य म्हणजे किती? आमचे ८०० ग्रॅम हवेत गेले तर ५४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. तेवढं बाइकनं सोडायचं तर अकरा हजारांहून जास्त किलोमीटर चालवावी लागेल. काश्मीर ते कन्याकुमारी तीनदा. २०१६ साली रवांडातल्या किगालीत जगानं हे गॅस कमी करायचं ठरवलं, भारतानं २०२१ साली त्यावर शिक्कामोर्तब केलं. आपल्याला २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची आहे. हे आकडे मोठमोठ्या सभागृहांत ठरतात. पाळले जातात की नाही, ते पान्हा हातात असलेल्या पोराला नट ढिला करायचा की सिलेंडर जोडायचा यावर ठरतं. आणि त्या पोराला वीस मिनिटांचे पैसे मिळतात की दोन दिवसांचे, यावर.

कारण खरी अडचण तीच आहे. गळती शोधायला वेळ लागतो आणि वेळाचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. सिलेंडर दिसतो, म्हणून त्याचे देतो. गावात भावाबद्दल आधी तक्रारच झाली, "दोन दिवस लावले, दुसरा तासात करून गेला असता." मीही पगार घेतो तो मुख्यतः दोष शोधण्याचाच, पण माझ्या वेळावर कुणी असं बोलत नाही.

म्हणून तुमच्याकडे कुणी "गॅस संपलाय" म्हणाला तर चार गोष्टी विचारा. गळती कुठं आहे? नायट्रोजन भरून बघणार का? व्हॅक्यूम किती वेळ करणार? वजनकाटा आणलाय का? चारही उत्तरं मिळाली तर त्याला चहा द्या आणि मागेल तेवढे पैसे द्या. आणि ऑक्सिजन भरतो म्हणाला तर सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा.

आण्णांच्या खोलीत या मे महिन्यात २६ अंश होते. लाइट जायची तेव्हा पुन्हा स्लॅब तापायचा, त्याचा इलाज कॉइलमध्ये नाही. पण लाइट आली की खोली अर्ध्या तासात निवायची. एका दुपारी भाऊ सहज डोकावला तर आण्णांनी डावा हात उचलून एसीकडे दाखवला आणि जमतील ते दोन शब्द जमतील तसे म्हटले. मला ते कळले नाहीत. त्याला कळले, तो हसला.

जायच्या आधी मी आउटडोअरचं झाकण उघडून बघितलं. आतल्या बाजूला त्यानं मार्करनं लिहून ठेवलंय: कॉइल नवीन, गॅस ८०० ग्रॅम, तारीख, नायट्रोजन ३००, रात्रभर टिकला. खाली नाव नाही. मी विचारलं, हे कुणासाठी?

"पुढच्या मिस्त्रीसाठी," तो म्हणाला. "मी असन-नसन. त्याला शून्यापासून शोधावं लागू नये."

बोलता बोलता त्याचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी गॅस भरायला बोलवत होतं. त्यानं गाडीची किल्ली खिशातून काढली आणि विचारलं, "आधी सांगा, मागच्या टायमाला कधी भरला होता?"